खुंटीच्या मापाची बाही

स्वेटर कुठे सुरू होतो असं विचारलं, तर बहुतेक माणसं गळ्याकडे बोट दाखवतात. ज्यांना थोडंफार विणता येतं ती कमरेच्या पट्टीकडे दाखवतात. मी बाहीच्या काठाकडे दाखवते. मशीनवर विणलेल्या तान्ह्या बाळांच्या स्वेटरना बाह्यांचे काठ घालणं, म्हणजे मनगटापाशी येते ती बोटभर दुमड हाताने शिवून पक्की करणं, हे कितीतरी वर्षं माझं काम होतं. लोक विचारायचे, "दिवसभर एवढंच?" हो, दिवसभर एवढंच. एवढ्याशा कामात मी जी चूक करून ठेवली ती सांगायलाच आज बसले आहे. सगळी नोकरी सांगायला घेतली तर वाचणाऱ्याच्या हातातली चकली मऊ पडेल.

जव्हार संस्थान विलीन झालं तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि लग्नाला वर्ष झालं होतं. दोन वर्षांनी नवरा विषमज्वराने गेला आणि मी जव्हारला भावाकडे परत आले. मूलबाळ नव्हतं. भाऊ पूर्वी संस्थानात कारकून होता, तो आता सरकारी कारकून झाला होता. टेबल तेच, खुर्ची तीच, फक्त कागदाच्या वरचं नाव बदललं होतं. वहिनी वाईट नव्हती. पण घरातल्या चार माणसांच्या चहात पाचवा कप कुणाचा, हा प्रश्न रोज सकाळी तिच्या चेहऱ्यावर दिसायचा.

विलीनीकरणानंतर संस्थानच्या वस्तूंची यादी झाली. बग्ग्या ठेवायच्या शेडमध्ये एक लांबट लाकडी खोकं सापडलं. यादी करणाऱ्याने झाकण उघडून पाहिलं, आत ओळीने बारीक बारीक पोलादी पट्ट्या दिसल्या, आणि त्याने लिहिलं, "बाजाची पेटी, बंद." ती पेटी वाजत का नाही हे पाहायला कुणीतरी नाशिककडच्या एका मास्तरांना बोलावलं. त्यांनी बघितलं आणि हसत सुटले. ते विणकामाचं मशीन होतं. कुणीतरी कधीकाळी परदेशातून मागवलेलं आणि एकदाही न वापरलेलं. मास्तर मूळचे शिंपी, पण यंत्रांत रमणारे. ते मशीनपायी जव्हारलाच राहिले आणि त्या बग्गीच्या शेडमध्ये बायकांची उद्योगशाळा सुरू झाली.

आम्ही एकूण चौघं. मास्तर पन्नाशीचे आणि ब्रह्मचारी. कमळ नावाची अठरा वर्षांची मुलगी, जिचं लग्न ठरत नव्हतं, ती मशीन चालवायची. राधाकाकू साठीच्या, नवव्या वर्षी विधवा झालेल्या, त्या स्वेटरचे सुटे भाग जोडायच्या. आणि मी काठ घालायचे. ही चार माणसं नीट लक्षात ठेवा. पुढे जे झालं त्याची मेख इथेच आहे.

काम कसं चालायचं ते सांगते. मशीन म्हणजे एका लांब पट्टीवर ओळीने बसवलेल्या आकडेदार सुया. त्यांच्यावरून कमळ एक हातभर यंत्र डावीकडून उजवीकडे ओढायची, त्याला आम्ही गाडी म्हणायचो. खर्रर्र झालं की विणीची एक ओळ तयार. पुन्हा उलट दिशेने खर्रर्र. बघता बघता खाली बाही लोंबायला लागायची. पण मशीनला विणीची सुरुवात करता येते, ती सुरुवातीची कड पक्की करता येत नाही. पहिल्या ओळीचे टाके ते उघडेच सोडतं, एका कच्च्या दोऱ्यावर अडकवून. तो दोरा ओढला की टाके मोकळे, आणि एक टाका निसटला की विणीत शिडी पडत जाते. माझं काम असं की बाहीची कड बोटभर आत दुमडायची आणि त्या उघड्या टाक्यांपैकी एकेकाला त्याच लोकरीने आतल्या विणीला अडकवून टाकायचं. बाहेरून शिवण दिसता कामा नये. एका बाहीला चव्वेचाळीस टाके. एक जरी चुकला तरी बाळाच्या नखात अडकून सगळा काठ उसवणार.

माझा हात घट्ट होता. टाका घेतला की दोरा खसकन ओढायची मला सवय, आणि त्यामुळे काठ असा बसायचा की जणू कातरून चिकटवला आहे. मास्तर आल्यागेल्याला बाही उलटी करून दाखवायचे आणि म्हणायचे, "शोधून दाखवा शिवण." मी मान खाली घालून काम करत असल्यासारखं दाखवायचे, पण कान तिकडेच असायचे.

माप मशीनबरोबर आलेल्या परदेशी पुस्तकातलं. त्यात बाळाच्या मनगटाचा घेर दिला होता. मास्तरांनी सुताराकडून बरोबर तेवढ्या जाडीची सागवानी खुंटी करून घेतली. काठ पुरा झाला की बाही खुंटीवर चढवायची आणि खुंटी झटकायची. बाही गळून पडली तर काठ ढिला, तिथेच राहिली तर पास. त्या खुंटीला आम्ही 'बाळ' म्हणायचो. "बाळ कुठे गेलं?" "बाळ टेबलाखाली पडलंय." नवखा माणूस हे ऐकून दचकायचा आणि कमळला त्यात फार मजा वाटायची.

एकदा संस्थानच्या काळातले एक जुने शिकारी आले. त्यांना एकच बाही हवी होती. आम्हाला वाटलं, बिचाऱ्यांचा एक हात गेला असेल. पण दोन्ही हात धडधाकट होते. बाही बंदुकीच्या नळीला हवी होती, पावसाळ्यात गंज चढू नये म्हणून. ते आता शिकारीला जात नव्हते, तरी बंदूक रोज पुसत. मी नळीच्या मापाने काठ घालून दिला. तो असा चपखल बसला की म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आपण मोठे कारागीर झालो. नळीला बोटं नसतात, ही गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यात आली नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं. शेडच्या मागच्या खोलीत उद्योगशाळेचा पट्टेवाला राहायचा. त्याची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. बाळाचं रडणं आम्हाला बसल्या जागी ऐकू यायचं. बारशाला कमळला बोलावणं आलं. मला आणि राधाकाकूंना नाही. ते यायचंच नाही आणि आम्हीही वाट बघितली नाही. विधवेने तान्ह्या बाळाजवळ जायचं नसतं, हे कुणी आम्हाला सांगत बसत नसे, आणि आम्हीही कुणाला विचारत नसू. भिंतीपलीकडे बाळ रडायचं आणि भिंतीअलीकडे आम्ही बाळांचे स्वेटर शिवायचो.

अशात मोखाड्याच्या सरकारी बाळंतपण केंद्रासाठी साठ स्वेटरची मागणी आली. तिकडच्या डोंगरात थंडी फार आणि तान्ही बाळं गारठून जातात, म्हणून. ठाण्याहून साहेब आले, त्यांनी नमुना पाहिला, खुंटी झटकून पाहिली आणि मंजुरी दिली. आम्ही साठ स्वेटर पाठवले. एकशेवीस काठ. माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला तेव्हा पडलेला घट्टा अजून आहे.

दोन महिन्यांनी पत्र आलं, आणि पत्राबरोबर एक स्वेटर. पत्रात लिहिलं होतं की बाह्यांचे काठ निकृष्ट असल्याने मातांनी ते कापून टाकले आहेत, विण उसवत आहे, सबब पुढील मागणी स्थगित करण्यात येते. साहेब पुन्हा पाहणीला येणार होते. नवा नमुना पसंत पडला नाही तर मशीन ठाण्याला जमा होणार आणि शाळा बंद.

मास्तरांनी पत्र वाचलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. काठ म्हणजे मी. मला वाटलं, चोर सोडून संन्याशाला फाशी. लोकर कुजकी असेल, केंद्रात उंदीर असतील, पण बोल मला. संन्यासी आपण नव्हतोच, हे पुढे कळलं.

शाळा बंद झाली असती तर कमळचं लग्न कुठेतरी उरकून टाकलं गेलं असतं, मास्तर नाशिकला गेले असते. मी भावाच्या स्वयंपाकघरात परत गेले असते. शाळेत जायला लागल्यापासून वहिनी सकाळी विचारायची, "इंदूताई, चहा घेणार?" त्याआधी ती विचारत नसे, नुसता कप सरकवायची. मला त्या विचारण्याची सवय लागली होती. ते आता जाणार होतं.

पण मी मूळची चौकस. रडायच्या आधी मी तो स्वेटर खिडकीशी नेऊन उलटासुलटा करून पाहिला. काठ उसवला नव्हता. विळ्यासारख्या कशानेतरी एका फटक्यात कापला होता, दोन्ही बाह्यांचा, बरोबर माझ्या शिवणीच्या वर. आणि गंमत अशी की कापलेल्या कडेला कुणीतरी काळ्या दोऱ्याने ओबडधोबड टाके घातले होते, विण सुटू नये म्हणून. स्वेटर नावडला असता तर कुणी असे टाके घालत बसलं असतं का? ज्या बाईने कापलं तिला तो हवाच होता. फक्त काठ नको होता. का नको होता?

शेडमध्ये तर्क सुरू झाले. मास्तर म्हणाले, लोकर टोचत असेल. कमळ म्हणाली, कापलेल्या पट्ट्या केसांना बांधत असतील. राधाकाकूंना वाटलं, मनगटात दृष्टीचा दोरा असणार, तो झाकला जाऊ नये म्हणून. भाऊ घरी जेवताना म्हणाला, "जंगलातले लोक, त्यांना अंगभर कपड्याची सवय नाही." हे शेवटचं उत्तर सगळ्यांना पटलं, कारण त्यात जव्हारच्या कुणाचीच चूक नव्हती. मला पटलं नाही. सवय नसलेला माणूस कपडा फेकून देतो, कापून शिवत नाही.

मी मास्तरांना म्हटलं, मोखाड्याला जाऊन विचारते. ते म्हणाले, एकटी? मी म्हटलं, बाजाराच्या दिवशी मोटार भरून जाते, एकटी कुठली. एक न कापलेला स्वेटर पिशवीत टाकला आणि निघाले. गाडीत कोंबड्या, टोपल्या आणि बायका. वळणावळणाने वर चढताना वारा खिडकीतून असा यायचा की साठ स्वेटर कशाला हवे होते ते मला पहिल्यांदा कळलं.

मोखाड्याच्या बाजारात मी नागली बघितली नाही, मडकी बघितली नाही. बाळं बघत हिंडले. पाठीवरच्या झोळीत, कडेवर, पाटीत निजलेली. आणि माझे स्वेटर दिसले. तासाभरात सात दिसले, सातही बाळांच्या अंगात, सातही बिनकाठाचे. एका कोवळ्या आईपाशी मी थांबले आणि म्हटलं, "बाई, ह्या बाह्या का कापल्या?" तिने बाळ झटकन पदराखाली घेतलं आणि तोंड फिरवलं. मी पुन्हा विचारलं तर ती पाठी सरकायला लागली. मला कळेना, मी एवढं काय विचारलं.

शेजारी नागली विकत बसलेली एक म्हातारी सगळं बघत होती. पाठ ताठ आणि हाताला नुसत्या गाठी. नंतर कळलं की ती पवळीबाय, आसपासच्या पाड्यांची सुईण. तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"सरकारची हायेस?"

मी म्हटलं, नाही.

"मंग इचारतेस कशाला? सोनीला वाटला, तू कापडा परत न्याला आलीस. सरकारी चीज कापली म्हून."

तेव्हा मला त्या पदराचा अर्थ कळला. मी पिशवीतला स्वेटर काढून काठ दाखवला. म्हटलं, हे मी शिवते. हे एवढंच शिवते. कुणी का कापलं ते मला कळलं नाही तर माझं काम जाईल.

पवळीबायने बोट काठावरून फिरवलं. "शिवलंय बेस," ती म्हणाली. मग सोनीच्या पदराखालून तिने बाळ काढलं आणि सरळ माझ्या मांडीवर ठेवलं. "घाल बघू."

मी हात मागे घेतले. माझ्या मांडीवर तोवर कुणी बाळ ठेवलं नव्हतं. मी खालच्या आवाजात म्हटलं, "मला नाही चालत. मला नवरा नाही."

तिला माझं म्हणणं काही क्षण समजलंच नाही. मग ती म्हणाली, "नवरा नाय तं नाय. हात हायत नं?"

हात होते. मी जुना स्वेटर उतरवून नवा बाळाच्या डोक्यातून घातला, तिथवर जमलं. मग बाळाचा हात धरून खांद्याकडून बाहीत ढकलायला लागले. हात कोपरापर्यंत गेला आणि अडला. बाळाने आत बोटं पसरली आणि ती विणीत अडकली. मी आणखी ढकललं. बाळाने जो टाहो फोडला त्याने निम्मा बाजार वळून बघायला लागला. सोनी पुढे झाली, पण पवळीबायने तिला हाताने थांबवलं. माझ्या कानशिलांवरून घाम ओघळत होता.

"बाय, पोर काय सुई हाय? एका अंगानं घातली न् दुसऱ्या अंगानं निगाली?"

तिने बाळाला आपल्याकडे घेतलं. मग आपली तीन बोटं बाहीच्या टोकाशी आणली, बाहेरून, काठाकडून. तिला ती बोटं काठातून आत घालायची होती, बाहीभर वर न्यायची होती, तिथे बाळाची मूठ पकडायची होती आणि ती हळूच खाली ओढून बाहेर काढायची होती. बाळाला कपडा असाच घालतात. ज्याने एकदा जरी बाळाला झबलं घातलं आहे त्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. तिची बोटं काठाशी आली आणि तिथेच थांबली. माझा काठ बोटभरही हलला नाही. विण ताणली गेली, पण माझी शिवण ताणली गेली नाही, कारण मी तिच्यात ताणायला काही ठेवलंच नव्हतं.

पवळीबाय म्हणाली, "पोराचा हात बारीक. त्येला कसली बी बाही होते. बाही आयशीच्या बोटांच्या मापाची लागते."

सोनी तेव्हा पहिल्यांदा बोलली. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "फेकाया मन नाय झाला. लय ऊब हाय त्येची." आणि काळे टाके घातले होते त्या कडेवरून तिने अंगठा फिरवला.

मी तिथेच मातीत बसून राहिले. शरम वाटली आणि हसूही आलं. एक वर्ष आम्ही चौघं जण बाळांचे कपडे करत होतो. एक ब्रह्मचारी, एक अविवाहित, दोन विधवा. आमच्यातल्या एकानेही जन्मात एका बाळाला कपडा घातला नव्हता. पुस्तक होतं, खुंटी होती, मशीन होतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि आम्ही जंगलातल्या लोकांना कपडे कळत नाहीत म्हणत होतो.

उठायच्या आधी मी पवळीबायची तीन बोटं जवळजवळ धरायला लावली, पेरं जिथे सगळ्यात जाड तिथे लोकरीचा एक धागा गुंडाळला आणि गाठ मारून ते वेटोळं पिशवीत ठेवलं. तिने विचारलं, हे काय. मी म्हटलं, माप. ती म्हणाली, आतापतूर माझ्या बोटांचा माप कोनी घेतला नाय.

जव्हारला येऊन मी वेटोळं मास्तरांच्या टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. मास्तरांनी खुंटी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. राधाकाकूंनी हातातलं काम खाली ठेवलं. "साठ वर्षांची झाले गं," त्या म्हणाल्या, "आणि हे मला मोखाड्याहून कळावं."

आता काठ ढिला कसा करायचा? नुसता सैल शिवला तर टाके बाहेर लोंबतात आणि बाळाची बोटं त्यात अडकतात. चार दिवस मी शिवत होते आणि उसवत होते. शेवटी झाडताना उत्तर सापडलं. केरसुणीचा एक हीर काढला, धुऊन पुसून दुमडीवर आडवा ठेवला आणि एकेक टाका त्या हिरावरून घेत गेले. नेहमीसारखा खसकन ओढला तरी हिराच्या जाडीइतकी सैल लोकर प्रत्येक टाक्यात राहायचीच. सगळे चव्वेचाळीस झाले की हीर ओढून काढायचा. काठ दिसायला पूर्वीसारखाच नेटका, पण बोटं घातली की उघडायचा आणि काढली की मिटायचा. पवळीबायच्या वेटोळ्याएवढा उघडायचा. माझ्या घट्ट हाताला मी वळण लावू शकले नाही, म्हणून त्याच्या वाटेत काडी ठेवली.

मास्तर म्हणाले, "ते ठीक. पण ही बाही खुंटीवर राहत नाही. साहेब झटकणार."

मी म्हटलं, "खुंटीला आई नाही, मास्तर."

ते हसले, पण त्यांचा चेहरा काही सैल झाला नाही.

साहेब आले. सभ्य माणूस, आवाज चढवणारा नव्हे. त्यांनी नवा नमुना हातात घेतला, बाही खुंटीवर चढवली, झटकली. बाही टेबलावर पडली. दुसरी चढवली, तीही पडली. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मला म्हणाले, "बाई, पूर्वी तुम्ही याहून चांगलं काम करत होता." ओरडले असते तर मी सहन केलं असतं. हे मनाला लागलं.

मी सांगायला लागले, बोटं, मूठ, काठ उघडणं. माझं मलाच कळत होतं की काही धड निघत नाहीये. साहेब मान हलवत होते, पण त्यांचा हात पेनाकडे गेला होता. आणि तेवढ्यात भिंतीपलीकडे बाळ रडलं.

मी उठले. शेडच्या मागे गेले. पट्टेवाल्याची मुलगी दारात बाळाला थोपटत उभी होती, आत तिची आई भागीरथीबाई तांदूळ निवडत होती. मी उंबऱ्याबाहेर थांबले आणि म्हटलं, "तुझी मुलगी थोडा वेळ देशील? स्वेटर घालून दाखवायचाय." मुलीने आईकडे बघितलं. भागीरथीबाईंचे हात सुपात थांबले. त्या हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. त्यांनी नुसती मान खाली घातली आणि खडे शोधायला लागल्या. मुलीने तेवढ्यावर बाळ माझ्या हातात दिलं. मागे न सरता, दोन्ही हातांनी दिलं, हे मी अजून विसरले नाही.

शेडमध्ये मी आधी जुना, खुंटीवर पास झालेला स्वेटर साहेबांपुढे ठेवला आणि म्हटलं, आपण बाळाला घालून बघावा. साहेबांनी त्या काठात बोट घालून पाहिलं. त्यांना घरी चार मुलं होती असं नंतर कळलं, पण कपडे घालायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. त्यांनी बोट काढून घेतलं. मग मी बाळाच्या डोक्यातून नवा स्वेटर घातला. आपली तीन बोटं काठाशी नेली. काठ उघडला. बोटं आत गेली, बाहीतून वर गेली आणि तिथे अंधारात ती मूठ सापडली. मी ती धरणार, तोच तिने माझं बोट धरलं.

केवढीशी मूठ, पण पकड अशी की मला बोट हलवता येईना. बाहीच्या आत, कुणाला दिसत नव्हतं. सगळ्यांना वाटलं, बाई अडकली, पुन्हा फजिती. मास्तर घसा खाकरायला लागले. मी तशीच थांबले होते. बावीस वर्षांच्या आयुष्यात एवढ्या विश्वासाने कुणी मला धरलं नव्हतं, आणि सोडायची मला मुळीच घाई नव्हती.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं आणि हळूच हात खाली आणला. काठ उघडला, मूठ बाहेर आली, काठ मिटला. बाळ रडलं नाही. दुसऱ्या बाहीलाही नाही.

साहेबांनी बाळाकडे बघितलं, जुन्या स्वेटरकडे बघितलं, मग बराच वेळ लिहिलं. मागणी पुन्हा सुरू झाली, मशीन जव्हारलाच राहिलं. त्यांच्या शेऱ्यात शेवटची ओळ अशी होती की यापुढे तपासणीसाठी मोठ्या जाडीची खुंटी करून घ्यावी. सरकार शेवटी सरकारच. सुताराने खुंटी करून दिली, मास्तरांनी ती जुन्या बाळाशेजारी ठेवली, आणि कमळने तिला 'आई' नाव दिलं. मी ती कधी वापरली नाही. काठ पुरा झाला की मी आपली तीन बोटं घालून बघायचे. पुढे मी ज्या ज्या मुलींना हे काम शिकवलं त्यांना पहिल्या दिवशी एक हीर दिला आणि शेजारपाजारचं एखादं बाळ मांडीवर घ्यायला लावलं. विधवा असो, कुमारी असो, कुणाला सूट दिली नाही. पवळीबायला मात्र पुन्हा भेटायला गेले नाही. जाईन जाईन म्हणत राहून गेलं, याची चुटपुट आहे.

साहेब गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये पोचले तर दारात भागीरथीबाई उभ्या. बाळ त्यांच्या कडेवर, दुपट्यात गुंडाळलेलं, आणि खांद्यावर तो कालचा स्वेटर. मला वाटलं, परत करायला आल्या. मी हात पुढे केला. त्यांनी स्वेटर दिला नाही. आधी बाळ दिलं.

"आज वारा फार आहे," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "तूच घाल. तुझ्या हातून रडत नाही ती."